चौदा दिवसांपैकी आठ दिवस

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ आमचा बर्फाचा कारखाना आहे आणि त्याचे हिशेब मी गेली सोळा वर्षे पाहते. मासेमारीचा हंगाम सुरू असला की रोज पहाटे खाऱ्या पाण्याच्या टाकीतून डबे वर येतात, त्यांतून सव्वाशे-दीडशे किलोची लादी निसटून बाहेर पडते, क्रशरमध्ये तिचा भुगा होतो आणि तो बोटींच्या खणांत भरला जातो. सावकाश गोठलेली लादी काचेसारखी पारदर्शक निघते आणि घाईने गोठवलेली दुधाळ, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. त्यामुळे बर्फाविषयी आपल्याला बरेच कळते, असा माझा समज झाला होता. 2025 च्या फेब्रुवारीत गुलमर्गला चौदा दिवसांचे स्कीइंगचे प्राथमिक प्रशिक्षण घेतले, तेव्हा तो समज किती अपुरा होता हे लक्षात आले. त्या चौदा दिवसांपैकी प्रत्यक्ष उतारावर आम्ही आठ दिवस होतो. उरलेल्या सहा दिवसांतही जे शिकायला मिळाले ते सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले, कारण कोकणातून पहिल्यांदाच हिमावर जाणाऱ्या माणसाला नेमके तेच कोणी सांगत नाही.

आम्ही चौघे होतो. रत्नदुर्ग, महिपतगड, प्रचितगड अशा वाटा एकत्र तुडवलेली आमची जुनी टोळी. खरे तर जायचे ठरले होते 2024 च्या जानेवारीत. त्या वर्षी जानेवारी अर्धा उलटून गेला तरी गुलमर्गचे कुरण उघडे, वाळल्या गवताचे होते आणि हिम पडायला महिना संपत आला. आमचा बेत तेव्हा रद्द झाला, पण त्या निमित्ताने मी हिमाचा हंगाम नीट समजून घेतला. काश्मीरमधली हिवाळ्याची गणना आपल्या नक्षत्रांसारखी आहे. 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’, पुढचे वीस ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटचे दहा ‘चिल्लई बच्चा’. आपल्याकडे मृगाच्या पावसाची वाट पाहतात, तशी तिकडे चिल्लई कलानच्या हिमाची पाहतात. पडण्याचे कारण मात्र वेगळे आहे. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून अरबी समुद्रावरून येतो, तर तिथले हिम भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे पडते. हे विक्षोभ तुटक असतात, एखादा येऊन जातो आणि मग दोन-तीन आठवडे कोरडे जातात. म्हणून ‘गुलमर्गला हिम कधी असते’ या प्रश्नाला महिन्याचे नाव हे पुरेसे उत्तर होत नाही.

तयारी रत्नागिरीतच केली आणि ती उपयोगी पडली, म्हणून तिच्याविषयी थोडे लिहिते. स्कीवर उभे राहताना गुडघे वाकलेले, भार तळपायाच्या पुढच्या भागावर आणि छाती उताराच्या दिशेने ठेवावी लागते. ही स्थिती दिवसातून चार तास टिकवण्याची ताकद मांड्यांत हवी. दिवाळीनंतर रोज सकाळी आम्ही वाडीतली पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढू-उतरू लागलो. पाठीवर आठ किलोची पिशवी घेऊन आठ फेऱ्या, आणि त्यानंतर जांभ्याच्या भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखे दोन-दोन मिनिटे थांबणे. रविवारी भाट्ये किनाऱ्यावर कोरड्या वाळूत धावणे. ज्यांनी पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवरून पाण्याची कळशी उतरवली आहे, त्यांना पाय घसरू लागल्यावर शरीर मागे टाकायचे नाही, हे वेगळे शिकवावे लागत नाही. त्या शिकवणुकीचा मला तिथे खरोखर आधार वाटला. थंडीचा सराव मात्र किनाऱ्यावर कुठे करणार? दादाने सुचवले म्हणून कारखान्याच्या बर्फ साठवण्याच्या खोलीत जाऊन मी हातमोजे, मोजे आणि अंगावरचे थर घालून पाहिले. त्यातून एक गोष्ट कळली. अंग हलते ठेवले की दहा मिनिटांत घाम येतो, आणि थांबले की तोच घाम गार पडून हुडहुडी भरते. सुती बनियन तेव्हाच बाद केली आणि लोकरीची घेतली.

रत्नागिरीहून मंगला एक्स्प्रेसने निजामुद्दीन, दिल्लीहून विमानाने श्रीनगर आणि पुढे मोटारीने टंगमर्ग. तिथून गुलमर्ग तेरा किलोमीटरवर आहे आणि रस्त्यावर हिम असेल तर याच ठिकाणी चाकांना साखळ्या चढवतात. आम्हाला साखळ्यांची गरज पडली नाही, आणि ती बातमी चांगली नव्हती. 16 तारखेला संध्याकाळी पोहोचलो तेव्हा कुरणाच्या उन्हाच्या बाजूला तपकिरी गवत दिसत होते. खेलो इंडियाच्या हिवाळी क्रीडास्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा 22 फेब्रुवारीला सुरू व्हायचा होता, तो हिमाअभावी पुढे ढकलला गेला आणि शेवटी 9 ते 12 मार्चला झाला. आमच्यातल्या एकाने त्याच रात्री परत जाण्याचा विषय काढला. गुलमर्गची उंची सुमारे 2,650 मीटर आहे आणि समुद्रसपाटीच्या माणसाला तिथे प्रत्येक श्वासात जवळजवळ पाऊण हिस्साच प्राणवायू मिळतो. डोके जड झालेले असताना कोणताही निर्णय घेऊ नये, एवढेच मी म्हटले आणि विषय सकाळवर ढकलला.

17 तारीख साहित्यात गेली. स्कीचा बूट हा बूट नव्हेच, तो पायाला घातलेला साचा आहे. भाड्याने देणाऱ्या दुकानात मला पहिल्यांदा एक माप मोठा जोड मिळाला, चालायला सोयीचा वाटला म्हणून मी तो घेतला आणि त्याची किंमत पुढे आठवडाभर मोजली. टाच आत उचलली जात असेल तर पायाने दिलेली आज्ञा स्कीपर्यंत पोहोचत नाही, आणि प्रत्येक वळणाला नडगी बुटाच्या काठावर आपटते. बूट घट्ट हवा, बोटे पुढच्या भिंतीला जेमतेम टेकावीत आणि गुडघा वाकवला की ती मागे सरावीत. बुटात एकच मोजा, दोन नाहीत. बूट स्कीला जखडणारे बाइंडिंग किती दाबाला सुटावे याचा आकडा वजन, उंची, वय आणि कौशल्य यांवरून ठरवतात. तो नीट लावून घ्यावा, कारण पडल्यावर स्की पायातून सुटली नाही तर पीळ थेट गुडघ्याला बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही तयार होतो, पण प्रशिक्षक आम्हाला उतारावर नेईनात. ते स्वतः एकटे वर चालत गेले, तीन-चार ठिकाणी पोल, म्हणजे स्कीइंगची हातातली काठी, रोवून पाहिला, टाचेने दोनदा ठोकले आणि परत येऊन म्हणाले, “साडेदहापर्यंत चहा घ्या. आत्ता तो उतार नाही, काच आहे.” मला त्यांच्या बोलण्यातले सत्य हाताने तपासावेसे वाटले. मी वाकून पाहिले तर पृष्ठभाग आमच्या लादीसारखा लागला, अगदी तसाच कठीण आणि तसाच दुधाळ. आदल्या दिवशी उन्हाने वितळलेले पाणी रात्री गोठले होते. जुन्या हिमावर हे चक्र रोज फिरते. पहाटे काच, दहा-अकराच्या सुमारास वरचा एखादा इंच सैल होऊन मऊ दाणे, तेव्हा स्कीची कड त्यात रुतते आणि वळण हातात येते. एक वाजल्यानंतर त्याच दाण्यांचा ओला लगदा होतो, स्की त्यात अडकते आणि दमलेले पाय मुरगळतात. म्हणजे दिवसाचे शिकण्याजोगे तास अडीच ते तीनच, आणि तेही उताराचे तोंड कुठल्या दिशेला आहे त्यावर ठरणारे. पूर्वेकडच्या उतारावर ते लवकर येतात आणि लवकर संपतात, देवदारांच्या सावलीतल्या उत्तरेकडच्या उतारावर उशिरा येतात किंवा येतच नाहीत.

या दोन दिवसांत, काचेवरून लगद्याकडे जाणाऱ्या त्या अडीच तासांत, आम्ही सपाटीवर सरकणे, आडवे पाऊल टाकत उतार चढणे, बाजूला कलून पडणे, पडल्यावर स्की उताराला आडव्या करून उठणे आणि स्कीची पुढची टोके जवळ, मागची दूर अशी पाचर करून थांबणे, एवढे शिकलो. पाचर रुंद केली आणि कडा आत झुकवल्या की वेग कमी होतो. सांगायला ही दोन वाक्ये आहेत, पण कठीण बर्फावर कड धरली की कर्रकर्र आवाज येतो आणि मन घाबरून शरीराला मागे ओढते. मागे झुकले की पुढची टोके हलकी होतात आणि स्की आपल्या मनाने धावू लागते. हे उमजायला मला दीड दिवस लागला.

भाषेचाही एक प्रश्न होता. आपण मराठीत आकाशातून पडते त्यालाही बर्फ म्हणतो आणि लादीलाही बर्फच म्हणतो. पुस्तकी मराठीत ‘हिम’ आहे, पण ते बोलण्यात येत नाही. काश्मिरीत पडणाऱ्या हिमाला ‘शीन’ आणि गोठलेल्या पाण्याला ‘यख’ म्हणतात. प्रशिक्षक हिंदीत बोलता बोलता हे दोन शब्द वापरत आणि त्यामुळे कुठल्या उतारावर काय आहे ते एका शब्दात कळे. आम्ही चौघांनीही तिसऱ्या दिवसापासून आपसांत तेच वापरायला सुरुवात केली. त्यानंतरच मी या दोहोंना वेगळे पाहू लागले, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

20 तारखेला सकाळी थोडे शीन पडले, चार बोटे असेल. तेवढ्याने कुरणाचे रूप पालटले आणि आमचेही. काचेवर चार बोटे ताजे हिम बसले की कड धरायला काहीतरी मिळते, आणि पडले तर लागत नाही. त्या दिवशी दुपारी मी पहिल्यांदा सलग सहा वळणे घेतली. वळण म्हणजे खालच्या बाजूच्या पायावर भार देणे. डावीकडे वळायचे तर उजव्या पायावर, उजवीकडे तर डाव्या. खांदे फिरवायचे नाहीत, पायच फिरवतात. 21 ला तोच सराव पक्का केला आणि 22 ला गोंडोलाच्या, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेच्या, पहिल्या टप्प्याने कोंगडोरीच्या स्थानकाला गेलो. गोंडोलाचा पहिला टप्पा 1998 मध्ये सुरू झाला आणि दुसरा, अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत जाणारा, 2005 मध्ये. दुसऱ्या टप्प्याचे स्थानक 3,900 मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि तिथून खाली यंत्राने सारखा केलेला मार्ग नाही, सारा डोंगरच नैसर्गिक अवस्थेत आहे. शिकाऊंचे तिथे काम नाही. युरोपातल्या स्की-केंद्रांत उतारांना हिरवा, निळा, लाल आणि काळा असे रंग दिलेले असतात आणि रात्री यंत्रे फिरवून ते सारखे करतात. गुलमर्गमध्ये असा सारखा केलेला भाग थोडा आहे, त्यामुळे उतार स्वतः पाहून ठरवण्याची सवय पहिल्या आठवड्यातच लागते, आणि माझ्या मते शिकणाऱ्याचे त्यात नुकसान नसून फायदाच आहे.

एक तक्रार मात्र नोंदवायला हवी. खालच्या सोप्या उतारावर अकरानंतर पर्यटकांच्या लाकडी घसरगाड्या सुरू होतात आणि त्यांच्या चाकोऱ्यांनी शिकाऊंचा उतार तासाभरात उभा-आडवा कापला जातो. चाकोरीत स्की सापडली की ती सोडवता येत नाही. मी 23 तारखेला अशाच चाकोरीत पडले आणि आधीच सुजलेल्या नडगीला मार लागला. घसरगाडी ओढणाऱ्यांचे पोट त्यावरच आहे, त्यांना दोष देता येत नाही. पण दोघांसाठी दोन उतार दोऱ्या लावून वेगळे केले तर हा प्रश्न सुटेल, हे मी तिथल्या प्रत्येकाला आवर्जून सांगितले. 24 ला मी आणि आणखी एक जण विश्रांतीला बसलो, आणि दुकानात जाऊन बूट एका मापाने लहान करून घेतला.

25 ला दुपारी वाऱ्याने दिशा बदलली. ढग खाली उतरले, आधी भुरभुर पाऊस आणि मग रात्री हिम. पुढचे तीन दिवस ते थांबले नाही. 26 ला महाशिवरात्र होती. घरी फोन लागला तेव्हा आईचा उपास होता आणि ती कुणकेश्वरच्या यात्रेला गेलेल्या शेजाऱ्यांविषयी सांगत होती. आम्ही खोलीत अडकून पडलो आहोत हे ऐकल्यावर ती म्हणाली, “बंदरात बावटा लागला की तुझे बाबा दोन-दोन दिवस जाळी शिवत बसायचे. तसे बसा. बाहेर पडू नका.” आमच्यातला जो पहिल्या रात्री परत जायचे म्हणत होता, त्याला आता नेमके उलट वाटत होते. एवढे ताजे हिम पडते आहे आणि आपण आत का, असे तो वारंवार विचारत होता. प्रशिक्षकांनी त्याला खिडकीपाशी नेले आणि समोरच्या देवदारांकडे बोट दाखवले. झाड दिसत होते, पण झाडामागची जमीन वर जाते आहे की खाली, हे कळत नव्हते. ढगाळ प्रकाशात सावल्या पडत नाहीत आणि पांढऱ्यावर पांढरे असल्याने उतार डोळ्याला दिसेनासा होतो. त्याने पुन्हा विचारले नाही.

पण खरे कारण याहून मोठे होते आणि ते त्यांनी त्या तीन दिवसांत आम्हाला कागदावर रेघा काढून समजावले. हिम एका थरात नसते. प्रत्येक वेळी पडलेला थर, त्यावर उन्हाने किंवा वाऱ्याने बसलेले कवच, त्यावर नवा थर, असा तो साठा चढत जातो. जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या, निरभ्र, कडक थंडीच्या रात्रींत जुना थर पातळ असेल, तर त्याच्या तळाशी दाण्यांचे एकमेकांशी असलेले बंध सुटत जातात आणि साखरेसारखे सुटे, मोठे कण तयार होतात. त्यावर एकदम दोन-तीन फूट नवे हिम आले की वरचा सगळा पट त्या सुट्या कणांवर टेकलेला असतो. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार, त्यावर असा पट आणि त्याला एका माणसाचा भार एवढे हिमस्खलनाला पुरते. धोक्याचा इशारा जगभर पाच पायऱ्यांत देतात आणि वादळ चालू असताना व त्यानंतरचे एक-दोन दिवस तो वरच्या पायऱ्यांवर असतो. 28 तारखेला उत्तराखंडात माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामावरील मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन झाले. 54 जण अडकले आणि त्यांतले आठ दगावले, हे पुढे कळले. हिमस्खलनाची बातमी आम्ही त्या रात्री त्याच खोलीत ऐकली. कोणी काही बोलले नाही. बंदरावर वाढलेल्या माणसाला, न परतलेल्या माणसांची बातमी कशी येते, हे ठाऊक असते.

1 मार्चला सकाळी ढग फाटले. प्रशिक्षकांनी उतारावर नेण्याआधी एका आडोशाच्या जागी फावड्याने कमरेइतका खड्डा खणला आणि त्याची उभी भिंत साफ करून आम्हाला हात लावायला सांगितले. वर तीन दिवसांचे हलके हिम, त्यात मूठ सहज गेली. खाली चार बोटांचा घट्ट पट्टा, त्यात फक्त एक बोट, तेही जोर लावून. हा पाऊस पडून गोठलेला थर. त्याखाली मात्र माझ्या बोटांतून खडीसाखरेसारखे दाणे ओघळले आणि मुठीत वळेनात. क्रशरमधून निघालेला आमचा भुगा एका रात्रीत पुन्हा जुळून ढेप होतो, हे मी रोज पाहते. इथे मात्र हिम असूनही ते जुळत नव्हते. त्या खड्ड्यापाशी मी बराच वेळ बसून राहिले. गोंडोलाचा दुसरा टप्पा त्या दिवशी बंदच होता, गस्तीचे पथक वर काम करत होते. आम्हाला फक्त खालचा, वीस अंशांच्या आतला उतार मिळाला आणि तो योग्य होता.

ताज्या, खोल हिमावर आतापर्यंत शिकलेले निम्मे उलटे करावे लागते. पाचर केली तर दोन्ही स्की दोन दिशांना बुडतात. दोन्ही पाय जवळ, भार दोघांवर सारखा आणि गुडघ्यांची लयीत उघडझाप, असे केले की स्की वर तरंगते. पहिल्या तासात मी अकरा वेळा पडले आणि प्रत्येक वेळी पोल हिमात टेकवून उठायला गेले की पोलच मुठीपर्यंत आत जात होता. दोन्ही पोल फुलीसारखे आडवे ठेवून त्यांवर हात टेकायचे, ही युक्ती प्रशिक्षकांनी दाखवली. झाडांच्या बुंध्यांपाशी जाऊ नका, तिथे फांद्यांखाली पोकळी असते आणि माणूस डोक्यावर त्यात जाऊ शकतो, हेही पुन्हा पुन्हा बजावले. दुपारी दीडच्या सुमारास उन्हाने हिम जड होऊ लागले आणि स्कीखाली गोळे चिकटू लागले, तेव्हा आम्ही थांबलो.

दुसरा दिवस शेवटचा होता. त्या दिवशी रमजानचा पहिला रोजा होता, तरी प्रशिक्षक नेहमीच्या वेळी आले. ते उताराकडे निघाले तेव्हा मी त्यांच्यासोबत गेले. त्यांनी पोल माझ्या हातात दिला आणि विचारले, “दीदी, सांगा, कुठे जायचे?” मी कुरणाच्या उन्हाच्या बाजूला पोल रोवला, वर पातळ कवच होते आणि आत मऊ. काल दुपारी वितळून रात्री गोठलेले. अर्ध्या तासाने ते फुटून पायात अडकेल असे वाटले. मग सावलीच्या बाजूला गेले. तिथे कवच नव्हते, पोल गुडघ्याइतका सारख्या दाबाने आत गेला. मी म्हटले, आधी सावलीत, साडेअकरापर्यंत, आणि त्यानंतर कुठेही नको. त्यांनी मान हलवली आणि बाकीच्यांना हाक मारली. त्या सकाळी सावलीच्या उतारावर मी नऊ वेळा खाली आले, त्यांपैकी शेवटच्या चार वेळा न पडता. अकरा पस्तीसला माझ्या स्कीखाली पहिला गोळा चिकटला. मी उताराच्या कडेला थांबले आणि बाइंडिंग सोडले.